चिंगसची सराई आणि एका शब्दाचा प्रवास

राजौरीच्या माझ्या पहिल्या पोस्टिंगमधली गोष्ट. त्या दिवशी आमच्या कंपनीकडे रोड ओपनिंगची ड्युटी होती. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सूर्य उगवण्याआधी रस्त्यावर उतरायचे, कडेचा पाचोळा, मोऱ्या, दगडांचे ढिगारे तपासत चालायचे, कुठे सुरुंग किंवा स्फोटके पेरलेली नाहीत याची खात्री करायची आणि मग कॉन्व्हॉय जाईपर्यंत ठरलेल्या जागी बसून राहायचे. संध्याकाळी शेवटची गाडी गेली की परत. या कामात पराक्रम वगैरे काही दिसत नाही. काही घडले नाही तरच दिवस चांगला गेला म्हणायचे.

आमच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यात चिंगस होते. जम्मूहून राजौरी-पूंछकडे जाणाऱ्या रस्त्यावर, राजौरीच्या अलीकडे, खाली तवी नदी आणि वर जुन्या चिरेबंदी भिंतींचे एक आवार. माझ्याबरोबर साताऱ्याकडचा एक हवालदार होता. माणूस तालेवार, नोकरी माझ्यापेक्षा दहा वर्षे जास्त. पाटीवरचे नाव वाचून त्याने विचारले, "साहेब, हितं सराई लिवलंय. आपल्याकडं लगीनसराई असती, त्यातलीच का ही?"

मी हसलो. पण हसणे संपल्यावर लक्षात आले, की आपल्यालाही नीट उत्तर देता येत नाही. "मुसाफिरांची उतरायची जागा" एवढे सांगून वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र डोक्यात राहिला तो राहिलाच. पुढच्या पोस्टिंगांमध्ये जिथे जिथे गेलो तिथे हा शब्द भेटत गेला, आणि आज जे लिहितो आहे ते त्या हवालदाराला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

आधी मराठीतली सराई बाजूला ठेवू. लग्नसराई, आंब्याची सराई, सुगीची सराई यातला अर्थ हंगामाचा आहे. चिंगसच्या पाटीवरचा शब्द फारसी. सरा किंवा सराय. आणि गंमत अशी, की मुळात त्याचा अर्थ धर्मशाळा किंवा मुसाफिरखाना असा नाहीच. सराय म्हणजे घर, मोठी वास्तू, राजवाडा. तुर्कांनी हा शब्द उचलला तो राजवाडा याच अर्थाने. इस्तंबूलमधला सुलतानांचा राजवाडा म्हणजे तोपकापी सराय. क्रिमियातल्या खानांची राजधानी बाग्चेसराय, म्हणजे बागेतला वाडा. व्होल्गा नदीकाठी मंगोल खानांनी राजधानी वसवली, तिचे नावच सराय. आणि बोस्नियाची राजधानी सारायेवो, तिच्याही नावात हाच सराय आहे. १९१४ च्या जूनमध्ये याच सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळ्या घातल्या गेल्या, पहिले महायुद्ध पेटले आणि दोन वर्षांच्या आत आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात उपाशीपोटी लढत होत्या. शब्द कुठून कुठे जातात आणि माणसांना कुठून कुठे नेतात, त्याचा नेम नाही.

मग राजवाड्याचा मुसाफिरखाना कसा झाला? मध्ये एक जोडशब्द आहे. कारवाँसराय. कारवाँ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, उंट, खेचरे, माल, हत्यारबंद रखवालदार असा सगळा लवाजमा. त्या तांड्याचा वाडा तो कारवाँसराय. हिंदुस्थानात येईपर्यंत पुढचा कारवाँ बोलण्यातून गळाला आणि नुसती सराय उरली. म्हणजे बादशहाच्या घराला जो शब्द होता, तोच धुळीने माखलेल्या वाटसरूच्या एका रात्रीच्या घराला लागला. मला हे फार आवडले.

इंग्रजांना मात्र या शब्दाने चांगलेच गोंधळात टाकले. यूल आणि बर्नेल या जोडगोळीने १८८६ साली छापलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात सेराई या शब्दाचे दोन अगदी वेगळे अर्थ दिले आहेत. एक ही सराय आणि दुसरी पाण्याची सुरई! गोऱ्या साहेबाच्या तोंडात दोन्हींचा उच्चार एकच झाला. आमचा हवालदार एकटाच घोटाळला नव्हता तर.

काही मोठ्या इंग्रजी कोशांत या शब्दाचे आणखी मागचे मूळ दिलेले आहे. ते सराय हा शब्द जुन्या इराणी भाषेतल्या 'रक्षण करणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. संस्कृतातला त्याचा भाऊ म्हणजे त्रै, त्रायते. त्यावरूनच आपले त्राण, त्राता, परित्राण. हे वाचले तेव्हा समोर खुंटीला माझे हेल्मेट टांगलेले होते. शिरस्त्राण. डोक्याचे जे रक्षण करते ते शिरस्त्राण आणि वाटेवर जी रक्षण करते ती सराय. ही व्युत्पत्ती धरली तर चिंगसच्या त्या पडक्या भिंती आणि आम्ही घालून बसलेली हेल्मेटे एकाच कुळातली निघतात.

आता चिंगसविषयी. लाहोरहून काश्मीरला जाणारा मुघलांचा रस्ता भिंबर, नौशेरा, चिंगस, राजौरी, ठाणामंडी असा चढत पीर पंजालची खिंड ओलांडून शोपियानला उतरायचा. बादशहाचा लवाजमा काश्मीरला निघाला की टप्प्याटप्प्यावर मुक्काम पडायचे, आणि त्या टप्प्यांवर सराया होत्या. खिंडीजवळची अलियाबाद सराई आजही नव्या मुघल रोडवरून जाताना दिसते. १६२७ च्या ऑक्टोबरमध्ये काश्मीरहून परतताना जहांगीर याच वाटेवर वारला. चिंगसला सांगतात ते असे: वारसाहक्काची भांडणे लगेच उसळू नयेत म्हणून नूरजहानने मृत्यू लपवला, देह टिकावा म्हणून आतडी काढून इथे पुरली, आणि बादशहा जिवंत असल्याचा देखावा करत लवाजमा पुढे लाहोरला नेला. चिंगस म्हणजे आतडी, असा अर्थही गावकरी सांगतात. आवारात ती कबर दाखवतात. जहांगीराची खरी कबर लाहोरजवळ शाहदऱ्याला आहे. तेव्हा बादशहा दोन ठिकाणी विसावला आहे, आणि त्यातली एक जागा सराई आहे.

याच जहांगीराने १६०५ मध्ये गादीवर बसल्यावर जे बारा हुकूम काढले, त्यातला एक आम्हा शिपायांनी लक्षात ठेवावा असा आहे. ज्या रस्त्यांवर चोऱ्या-दरोडे होतात आणि वस्ती लांब आहे, तिथे सराई बांधा, मशीद बांधा, विहीर खणा, म्हणजे लोक तिथे राहायला येतील. यातला विचार पाहा. दरोडेखोरांमागे स्वार धाडणे हा एक उपाय. दुसरा उपाय, त्या ओसाड जागेत दिवा आणि पाणी आणून ठेवणे. रात्री चूल पेटली, घोडे बांधले गेले, चार माणसे राहू लागली की रस्ता आपोआप शांत होतो. रस्त्यावर दिवसभर बसून राहण्याच्या आमच्या कामाचा अर्थ मला त्या हुकुमातून जास्त नीट कळला.

जहांगीराच्याही आधी हे काम शेरशहा सूर याने केले होते. त्याची कारकीर्द १५४० ते १५४५, अवघी पाच वर्षांची. अकबराच्या हुकमावरून त्याचा इतिहास लिहिणारा अब्बास खान सरवानी सांगतो, की शेरशहाने रस्त्यांवर दर दोन कोसांना एक अशा १७०० सराया बांधल्या. कोस म्हणजे ढोबळमानाने तीन किलोमीटर. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी व्यवस्था मन लावून वाचण्यासारखी आहे. हिंदू आणि मुसलमान यांच्यासाठी वेगळ्या जागा, दरवाजावर पाण्याचे रांजण, हिंदूंसाठी गरम-गार पाणी, अंथरूण आणि जेवण यांची व्यवस्था बघायला ब्राह्मण, घोड्यांना दाणा, मधोमध पक्क्या विटांची विहीर आणि मशीद. शिवाय प्रत्येक सराईत डाकेचे दोन घोडे तयार. म्हणजे एकाच जागी मुक्काम, लंगर, पाणीपुरवठा आणि सिग्नल सेंटर. आमच्या क्वार्टरमास्टरला दाखवले तर तो म्हणाला, "साहेब, स्केल ठीक आहे, पण मेन्टेनन्स कोण करणार?" शेवटी सगळ्या सराया त्याच प्रश्नापाशी अडल्या म्हणा.

सराईतली रात्र कशी असायची? मनूची हा व्हेनिसचा माणूस शहाजहानच्या अखेरच्या काळात इथे आला. तो लिहितो, की सराया किल्ल्यासारख्या असतात, बुरूज आणि भक्कम दरवाजे असतात, आठशे-हजार माणसे आपापल्या उंट-घोड्यांसह मावतात. सूर्य मावळला की दरवाजे बंद. पहाटे उघडण्यापूर्वी पहारेकरी तीनदा मोठ्याने ओरडून सांगतो, की आपापले सामान तपासा. कुणाचे काही गेले असेल तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडत नाही. फ्रेंच डॉक्टर बर्निये याला मात्र या सराया म्हणजे गोठेच वाटले. माणसे आणि जनावरे एकत्र, उन्हाळ्यात गुदमरायला होते आणि थंडीत जनावरांच्या श्वासाचीच काय ती ऊब. पण त्याच बर्नियेने शहाजहानची मुलगी जहांआरा हिने दिल्लीत चांदनी चौकात बांधलेल्या बेगम सराईची तोंड भरून स्तुती केली आहे. ती सराई १८५७ नंतर इंग्रजांनी पाडली. तिच्या जागेवर टाऊन हॉल उभा राहिला.

सराईत मुसाफिरांना रांधून घालणारे ते भटियारे. आपण मराठीत भटारखाना म्हणतो ना, तो याच कुळातला. म्हणजे सराई आपल्याकडे हंगाम होऊन राहिली, पण तिचे स्वयंपाकघर मात्र मूळ अर्थासकट आले.

पुढे पंजाबात पोस्टिंग झाली. जालंधरकडच्या नूरमहलला नूरजहानने १६२० च्या सुमारास बांधवलेल्या सराईचा लाल दगडी दरवाजा आहे. त्यावर कोरलेले पशुपक्षी पाहत मी अर्धा रविवार घालवला. लुधियान्याजवळच्या दोराह्याची सराई तर बहुतेकांनी पाहिलेली आहे, फक्त त्यांना ते माहीत नाही. 'रंग दे बसंती' सिनेमातली ती पडकी वास्तू म्हणजे हीच.

पण माझी सर्वांत आवडती सराई तरनतारन जिल्ह्यात, सरहद्दीजवळ आहे. सराय अमानत खान. अमानत खान शिराझी म्हणजे ताजमहालावर अक्षरे लिहिणारा कारागीर. ताजवर ज्याची सही आहे असा हा माणूस. त्याचा भाऊ अफझल खान शहाजहानचा वजीर होता. तो १६३९ मध्ये वारला आणि अमानत खानाने दरबारापासून अंग काढून घेतले. मग त्याने काय केले? आग्रा-लाहोर रस्त्यावर सराई बांधली आणि तिच्या दरवाजावर आपल्या हाताने अक्षरे लिहिली. शिलालेखातले वर्ष हिजरी १०५०, म्हणजे १६४०-४१. जगातली सर्वांत प्रसिद्ध कबर ज्याने अक्षरांनी सजवली, त्याला भाऊ गेल्यावर वाटसरूंसाठी घर बांधावेसे वाटले. आज त्या आवारात गाव वसले आहे. रंगीत कौलांच्या दरवाजाखालून ट्रॅक्टर जातात. रस्ता पुढे लाहोरला जायचा, आता तारेच्या कुंपणाशी थांबतो.

दिल्लीला एका कोर्ससाठी गेलो तर सगळीकडे सरायाच. युसूफ सराय, बेर सराय, जिया सराय, कटवारिया सराय, लाडो सराय, सराय काले खां, सराय रोहिल्ला. यातल्या जिया सराय, बेर सराय, कटवारिया सराय इथे आज कुठली मुले राहतात ते पाहा. परीक्षांची तयारी करणारी, बिहार, राजस्थान, अगदी आपल्या लातूर-नांदेडचीसुद्धा. दहा बाय दहाच्या खोलीत दोन-तीन वर्षे काढून पुढे जाणारी. सराईचा धंदा तिथे बंद पडलेलाच नाही. पूर्वेकडे बदलीवर जाताना ज्या स्टेशनावर हमखास चहा प्यायचो, ते मुघलसरायही असेच. लालबहादूर शास्त्रींचा जन्म १९०४ साली याच गावात झाला. २०१८ मध्ये स्टेशनाचे नाव बदलले. पण माझ्या डब्यातल्या म्हाताऱ्या बाईने उतरताना विचारले, "मुगलसराय आ गया का?"

आपल्याकडेही सराई आहे बरे का. अजिंठ्याची लेणी पाहायला जाताना फर्दापूर लागते, तिथे जुनी सराई आहे. बऱ्हाणपूरला अकबरी सराई आहे. पण आपल्या मनात घर करून बसली ती धर्मशाळा. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेल्या धर्मशाळा, घाट आणि विहिरी आठवा. धर्मशाळा तीर्थाच्या वाटेवर, सराई व्यापाराच्या आणि फौजेच्या वाटेवर, एवढा ढोबळ फरक करता येईल. दक्षिणेत तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली. संस्कृत सत्र, तमिळमध्ये सत्तिरम, आपले अन्नछत्र. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रे कशी चालतात ते कळवले. सगळ्या जातींच्या वाटसरूंना जेवण, आजाऱ्याला औषध, बाळंतिणीची सोय, पोरक्या मुलांचा सांभाळ. राज्य गेले होते, पण आपली छत्रे बंद पडू नयेत ही राजाची चिंता होती.

आता पुन्हा चिंगसला येतो, कारण तिथली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली आहे. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये राजौरी शत्रूच्या हाती पडले आणि तिथे भीषण कत्तल झाली. पुढच्या एप्रिलमध्ये आपली फौज नौशेऱ्याहून त्याच जुन्या मुघल वाटेने राजौरीकडे निघाली. वाटेत सुरुंग पेरलेले, मोठमोठी पाइनची झाडे आडवी पाडलेली, पूल उडवलेले. रणगाडे पुढे जाईनात. तो रस्ता मोकळा करण्याचे काम बॉम्बे सॅपर्सच्या सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्याकडे होते. कारवारजवळच्या चेंडियाचा हा माणूस. ८ एप्रिलला तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यात ते स्वतःही होते. जखमी अवस्थेत त्यांनी काम सोडले नाही. सुरुंग काढत, झाडे उडवत, वळसे तयार करत ते पुढे सरकत राहिले. ११ एप्रिलला सकाळी अकरा वाजता त्यांनी चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला आणि पुढे रात्री दहापर्यंत काम चालू ठेवले. १२ तारखेला फौज राजौरीत पोचली. राणे यांना परमवीर चक्र मिळाले.

ही हकिगत मला ठाऊक होती. सैन्यातल्या प्रत्येकाला असते. पण चिंगस म्हणजे तीच सराई, हे जोडून कधी पाहिले नव्हते. भिंती कितीही भक्कम असल्या तरी रस्ता बंद असेल तर सराईला अर्थ नाही. त्या चार दिवसांत राणे यांनी त्या शब्दाचे त्राण परत आणले, असे मला वाटते.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. काश्मीर खोऱ्यात दुसऱ्यांदा होतो तेव्हा जानेवारीत वडील गेल्याचा निरोप आला. निघालो, पण बर्फामुळे रस्ता बंद. बोगद्याच्या अलीकडे एका ट्रान्झिट कॅम्पमध्ये रात्र काढावी लागली. तिथल्या सुभेदार साहेबांनी काही विचारले नाही. चेहरा पाहून समजले असावे. बुखारीजवळची खाट दिली, लांगरीने डाळ-रोटी आणून ठेवली. खाल्ली गेली नाही, तर मुकाट्याने ताट नेऊन चहा आणला. पहाटे पाचच्या आधी पहाऱ्यावरच्या जवानाने दार वाजवले. "साहब, रास्ता खुल गया. अपना सामान देख लीजिए." तिसऱ्या दिवशी घरी पोचलो. अंत्यसंस्कार धाकट्या भावाने उरकले होते.

बऱ्याच वर्षांनी मनूचीतला तो पहारेकरी वाचला आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले. साडेतीनशे वर्षांत हाक बदललेली नाही. सामान बघा, रस्ता खुला आहे. त्या रात्री त्या कॅम्पमधले कुणी माझे दुःख कमी करू शकणार नव्हते, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. त्यांनी एक रात्र सांभाळली, बस्स. तेवढेच सराईचे काम.

गेल्या दिवाळीत त्या हवालदाराला फोन केला. आता ते सुभेदार होऊन निवृत्त झाले आहेत आणि गावी शेती बघतात. म्हटले, "सुभेदार साहेब, चिंगसला तुम्ही एक प्रश्न विचारला होता." आणि राजवाडा, कारवाँ, जहांगीर, सारायेवो असे सगळे पाऊण तास ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजी ट्रान्झिट कॅम्पच की वो साहेब."

एवढे एका वाक्यात सांगता आले असते तर मीही हा लेख लिहिला नसता. असो.